बाबांचा नंबर फाईव्हजीत गेला

साखऱ्याला माझ्या माहेरी फाईव्हजी घ्यायचं ठरलं, तेव्हा मी पोळ्यासाठी तिथंच होते. धाकटा भाऊ गच्चीवर उभा राहून एका कंपनीचं सिम काढी, दुसरं घाली, आणि कशात व्हिडिओ लवकर उघडतो ते खाली ओरडून सांगे. भावजय अंगणातून "व्हय, तेच घ्या" म्हणे. बाबांनी बैल पारखायला कधी एवढा वेळ घेतला नसेल. शेवटी एक नवी कंपनी पसंत पडली आणि घरातले सगळे नंबर तिकडं वळवायचं ठरलं. त्यात बाबांचाही आला.

बाबा गावात राहत नाहीत. आई गेल्यापासून ते शेतातल्या आखाड्यावरच, बैलांच्या गोठ्याजवळच्या खोपटात असतात. जवळ बटनाचा फोन. आखाड्यावर नव्या कंपनीची रेंज पोचत नाही आणि त्या फोनमध्ये तिचं सिम चालतही नाही. मी तसं बोलले.

भाऊ म्हणाला, "म्हाताऱ्याला काय करायचा फोन, अक्का? बँकेचे मेसेज त्या नंबरावर येतेत, तो माझ्यापाशीच राहू दे. तुझा फोन आला की मी त्यायला बोलावून आणतो की."

खरं कारण मला ठाऊक होतं. बाबा रोज संध्याकाळी माझ्याशी बोलायचे आणि घरून डब्यात काय आलं ते सांगायचे. कधी शिळी भाकर, कधी नुसतं तिखट. मग मी भावाला फोन लावून त्याची बिनपाण्यानं करायचे. ती कटकट त्याला नको होती. फाईव्हजीचं आयतं निमित्त सापडलं.

त्यानंतर सासरच्या गावी, डोंगरकड्याला बसून मी बाबांचा नंबर लावला की भाऊ उचलायचा. आवाज मात्र अगदी स्वच्छ. "आत्ताच गेले." "झोपले." पुढं पुढं तर, "तुझं नाव काढलं की चिडतेत, अक्का." मला ते खरं वाटत नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी मी कुणाला न कळवता थेट आखाड्यावर गेले. बाबा बैलांना कडबा टाकत होते. मला पाहिलं आणि पाठ फिरवली.

"काहून आलीस? फोनवर तर माझं नावबी घेत न्हाईस म्हणं."

"कोण म्हणलं?"

"तुझा भाऊ. रोज बोलती म्हणला, पण बाबा कसे हायेत म्हणून एका शब्दानं इचारत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भावाचा राग आलाच, पण बाबांचा त्याहून जास्त आला. जन्मापासून मला ओळखणाऱ्या माणसानं हे किती सहज खरं मानलं होतं!

मी काही समजावत बसले नाही. माझं सिम जुन्याच कंपनीचं, ते तिथं लागतं. बाबांचाच नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि विचारलं, "बाबा कुठं हायेत?"

"जेवले न् झोपले, अक्का. अक्काशी बोलता का म्हणलं, तर न्हाई म्हणले."

बाबा कडब्याची पेंढी हातात धरून ऐकत होते. मग वाकले आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "उठलो की बोलतो म्हणावं तिला."

मला वाटलं, आता भाऊ रडेल, निदान लाजेल तरी. त्यानं विचारलं, "तिथं कोन्तं सिम लागून राहिलं, अक्का?"