टेबल पक्के होईपर्यंत

वकिलीतून निवृत्त झाल्यावर मी मल्हारगंजातल्या एका मिस्त्रीकडे लाकूडकाम शिकायला गेलो. दीर्घकाळ त्यांनी मला फक्त सांधे करायला लावले: एका लाकडात चौकोनी खाच, दुसऱ्याला तिच्यात गच्च बसणारी जीभ. खिळा मागितला की म्हणत, "वकीलसाब, खिळा ठोकणं म्हणजे पुढची तारीख घेणं. फैसला नाही होत त्यानं."

हाताला वळण लागल्यावर मी अन्नपूर्णा भागातल्या आमच्या कॉलनीत, स्वतःच्या गॅरेजमध्ये, रविवारचा वर्ग काढला. सागवानी खुर्च्या करू पाहणारे काही नोकरदार आणि एक निवृत्त शिक्षिका, एवढाच माझा उद्योगसमूह. कॉलनीच्या अध्यक्ष महाशयांना मात्र तो कारखाना वाटला. आधी ते तोंडी म्हणाले, "संडेला तरी ही ठकठक बंद करा ना भिया." मग वर्ग बंद करण्याची नोटीसच आली. मी हाताने लिहून सविस्तर उत्तर पाठवले. रंध्याचा आवाज आणि त्यांच्या गच्चीवरचा डीजे यांतील कायदेशीर फरक त्यात मुद्देसूद मांडला होता. पोच मिळाली नाही.

प्रकरण कॉलनीच्या सभेपुढे गेले. टेबलावर कोपर टेकून अध्यक्ष आमच्यावरील आरोप वाचू लागले. माझी नजर सवयीने टेबलाच्या पायांकडे वळली. एका पायाखाली कागदाची जाड घडी होती. स्वतःचे अक्षर मी कुठेही ओळखतो.

मी वाकून घडी ओढली. टेबल कलले आणि अध्यक्षांचा चहा आरोपपत्रावर सांडला.

"हे काय करताय काकाजी!"

"पुरावा ताब्यात घेतोय."

मागून शिक्षिकाबाई म्हणाल्या, "सर, निदान उपयोगी तरी पडलं. वाचलं कुणी असतं इतकं?"

सभा हसली. माझी शिष्या, म्हणून मी अपील केले नाही.

कोणीतरी ओरडले, "हे टेबल आल्यापासून हलतंय. यांच्या क्लासकडूनच ठीक करवून घ्या ना!" भिजलेली बाही झटकत अध्यक्षांनी घाईघाईने ठराव सांगितला: 'सभागृहातील टेबल पक्के होईपर्यंत वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही.' मी तो तिथेच शब्दशः लिहिला आणि सह्या घेतल्या.

आम्ही टेबल खोलून सगळे सांधे नव्याने बसवले. माझ्या गॅरेजमध्ये ते पहाडासारखे उभे राहिले. सभागृहात नेताच पुन्हा डुलू लागले. कारण स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आमच्या शहराचा मान राखण्यासाठी तिथली फरशी रोज पाइपने धुतात आणि पाणी वाहावे म्हणून तिला मधल्या जाळीकडे चहूबाजूंनी वेडावाकडा उतार दिलेला आहे.

"सर, एक पाय थोडा कापू?" एका विद्यार्थ्याने विचारले.

"चांगल्या टेबलाचा पाय माझ्या वर्गात कापला जात नाही."

अध्यक्ष अधूनमधून डोकावतात. "झालं का काकाजी?" मी टेबलावर बोट टेकवतो. ते डुलते. "काम चालू आहे," मी सांगतो. ठरावात फरशीविषयी एक अक्षर नाही.