मागची दोन चाकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. गाव वरोर, समुद्रकाठचं. शेवटचं पोस्टिंग उत्तरेला, बर्फात. ताब्यात चार स्नो स्कूटर. एकीचा चालक नाईक काशिनाथ, तलासरीचा. एका मुलखातले, म्हणून आमचं जमायचं.

स्नो स्कूटरला मागे रुंद रबरी पट्टा असतो, त्याच्या आत सस्पेन्शनवर छोटी चाकं. बर्फ कडक झाला की पट्टा कोरडा घासतो, तापतो. म्हणून काशिनाथच्या स्कूटरला मी मागे दोन चाकं जादा बसवली. परवानगी घेतली नाही. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं ते घरून आणलेलं, बोटीवर जाळं ओढायच्या विंचला लावतात ते. आमच्याकडे शिकवण एकच: ग्रीस ठासून भरा, खारं पाणी शिरता कामा नये. तिथे खारं पाणी नव्हतं, थंडी होती. एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

काशिनाथने डबा हुंगला. "उस्ताद, इथे बोंबील पकडायचेत काय?"

"आधी चालव. मग बोल."

दुपारच्या उन्हात त्याने दोन फेऱ्या मारल्या. "मक्खन, उस्ताद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोन स्कूटर शेगडीने उबदार ठेवलेल्या शेडमधून निघून वरच्या पोस्टला रॉकेल घेऊन गेल्या. तिथे त्या दोन तास सावलीत उभ्या होत्या. ग्रीस मेणासारखं थिजलं, चाकं जड फिरू लागली. परतीच्या वाटेवर एक टप्पा होता, वर बर्फाचा कडा. तिथे थांबायला सक्त मनाई. पुढची स्कूटर टप्पा ओलांडून पलीकडे उभी राहिली. वायरलेस सेट मागच्या, काशिनाथच्या स्कूटरवरच होता.

अकरा चाळीसला सेट बोलला. ऑपरेटर बाहेर अँटेनावरचा बर्फ झाडत होता. सेटवर मी होतो.

"उस्ताद, मागची चाकं जाम. पट्टा फिरत नाही. गाडी सोडून पायी येऊ? ओव्हर."

नियमाप्रमाणे उत्तर 'हो' एवढंच होतं. पण गाडी तिथे राहिली असती तर ती आणायला रिकव्हरी पार्टी गेली असती, माझी चाकं साहेबांनी बघितली असती. पेन्शनला आठ महिने उरले होते.

"नको. ती दोन चाकं काढ, पाठीवरच्या पिट्ठूत टाक, गाडी घेऊनच ये. दहा मिनिटांचं काम. ओव्हर."

"उस्ताद, इथे वर काय लटकतंय माहीत आहे ना?"

"माहीत आहे. हात चालव."

"रॉजर. आऊट."

अकरा बावन्नला कडा खाली आला.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. पिट्ठू मीच उघडला. दोन्ही चाकं आत होती. काम त्याने पुरं केलं होतं. चाकं मी माझ्या किटबॅगमध्ये लपवली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं, सेटवर काय बोलणं झालं? मी म्हटलं, "सिग्नल तुटला, साहेब." अहवालात चूक चालकाची ठरली: मनाई असलेल्या जागी थांबला.

आता माझं चारोटीला गॅरेज आहे. तलासरी अर्ध्या तासावर. वर्षातून एकदा त्याच्या आईकडे जातो. गेल्या खेपेला ती म्हणाली, "पाड्यावर बोलतात, तो कुणाचं ऐकायचा नाय. म्हणून गेला. खरं काय, साहेब?"

त्याने ऐकलं होतं. माझं. मी चहा संपवला आणि म्हटलं, "नशीब, आई."

नाईक काशिनाथ, वय एकतीस. माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला चालक. तो हुकमाने थांबला आणि हुकूम माझा होता. हे त्याच्या आईला समोर बसून सांगायचं, आणि बटालियनला सहीनिशी लिहून द्यायचं, दोन्ही माझ्याकडून बाकी आहे.