वीज गेली नाही

एका बाईवर जळून मी अख्ख्या गावाला अंधारात ठेवायला निघाले होते, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

खिडकीतून दिसतंय, समोरच्या विजेच्या खांबावर एक तरुण मुलगी चढली आहे आणि मनगटाने कपाळावरचे केस मागे सारते आहे. तिला पाणी द्यायला आमचे हे काठी टेकत निघालेसुद्धा. यांचे गुडघे फक्त माझ्या कामाला दुखतात.

जपानहून आलेली ती इंजिनीअर केस असेच सारायची. दोन देशांनी मिळून आमच्याकडची वीज सुधारायची ठरवलं होतं, आणि लाईनमन म्हणून हे तिला स्कूटरवरून खांब दाखवत हिंडायचे. देशांची मैत्री असेल मोठी, मला दिसायची ती स्कूटरची मागची सीट. वीज कधी जाते ते लिहायची गावची वही तिने विश्वासाने माझ्याकडे दिली. त्यावरूनच नवी लाईन कुठे टाकायची ते ठरणार होतं. मी शहाणीने आठवडाभर रोज लिहिलं, 'वीज गेली नाही.' म्हटलं, इथे काम नाही असं दिसलं की जाईल बया दुसऱ्या गावाला. मत्सराला उजेड लागत नाही, असं तेव्हा वाटायचं.

तिने वही चाळली, एका पानावर नखाने काहीतरी खरवडलं, आणि यांच्या माणसांकडून उचललेल्या मराठीत शांतपणे म्हणाली, "वहिनी, वीज गेली नाही, मग सगळ्या पानांवर मेण कसं?"