विसळलेली बाटली

पाण्याचा नमुना घ्यायची बाटली कोणीही आतून विसळायची नसते. नांदेडच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात हे आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावले होते. विहिरीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरचा अंश पाण्याबरोबर बाटलीत येतो आणि प्रयोगशाळा गाठेपर्यंत जंतू मारत राहतो. तो निकामी करणाऱ्या औषधाचे थेंब बाटलीत आधीच घातलेले असतात. बाटली विसळली की ते थेंब जातात आणि निर्जंतुक केलेली काचही वाया जाते. परीक्षेत हे सकारण लिहून मी पूर्ण गुण घेतले होते. पुढे हाच नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडला गेला आणि मी तोंड उघडले नाही.

दुष्काळ होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि निम्म्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटल्या होत्या. आम्हा चार विद्यार्थ्यांना महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी तिथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. माझ्या वाट्याला मुरुडच्या बाजूचे एक गाव आले. तिथल्या बौद्ध वस्तीच्या विहिरीला तळाशी थोडे गढूळ पाणी होते. ते पिऊन लेकरे आजारी पडली, म्हणून वस्तीला दिवसाआड टँकर सुरू झाला होता.

मी येणार हे ग्रामसेवकाला ठाऊक होते. त्याने तासाभरापूर्वीच विहिरीत पावडर टाकली होती. काठावर तिचा वास येत होता. मी बाटलीवरचा कागद सोडून तिच्या गळ्याला दोरी बांधली, तेवढ्यात शेजारच्या घरातली, माझ्या मावशीच्या वयाची बाई पुढे आली.

"द्या हिकडं. मोटारीत धुळीनं भरली आसंल."

तिने बूच काढले, घरातून तांब्याभर पाणी आणले आणि बाटली दोनदा खळखळून विसळली. ते टँकरचे पाणी होते. त्या वर्षी लोक ताटे राखेने कोरडी घासत होते आणि हिने पाहुण्याच्या बाटलीसाठी तांब्या रिता केला.

मी जमीनजुमला असलेल्या हिंदू शेतकरी घरातला. अशा वस्तीतल्या माणसाचा भांड्याला हात लागला की आमच्या घरात काय बोलले जाई, ते मी लहानपणापासून ऐकले होते. 'बाटलीला हात लावू नका' हे शब्द जिभेवर आले आणि ते तिला कसे ऐकू जातील हे उमजून मी गिळले. पिशवीत दुसरी निर्जंतुक बाटली होती. तिच्यादेखत बाटली बदलणेही तितकेच वाईट दिसेल असे मला वाटले. मी त्याच बाटलीत नमुना घेतला आणि नोंदवहीत काहीही लिहिले नाही.

नमुन्याचे पाणी घातलेल्या नळ्या दोन दिवस उष्णपेटीत राहिल्या. जंतू वाढले की नळीत वायू धरतो; एकीतही तो धरला नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी अहवालावर 'पिण्यास योग्य' असे लिहून सही केली.

आठवड्याने एका आदेशाची प्रत आमच्याकडे आली. वस्तीत पिण्यायोग्य पाण्याचा उद्भव असल्याने टँकर बंद करण्यात आला होता. संदर्भ म्हणून माझ्या नमुन्याचा क्रमांक दिला होता. पाणी तोडण्यापूर्वी वस्तीतल्या एकाही माणसाचे म्हणणे घेतले नव्हते. ज्याचे काढून घ्यायचे त्याला आधी ऐकून घ्यावे, हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे. परंतु त्या कागदाचा आधार मी होतो.

मी प्रमुखांना सगळे सांगितले.

"अहवाल गेलाय, त्यावर माझी सही आहे," ते म्हणाले. "उद्या प्रत्येक पोरगा येऊन सांगेल, माझा नमुना खोटा होता."

"सर, माझा खरोखर खोटा होता."

"मग नोंदवहीत का नाही लिहिलंत?"

पुढच्या आयुष्यात मी शेकडो तक्रारअर्ज लिहिले. पहिला माझ्याच विरुद्ध होता. तो घेऊन मी जिल्हा कचेरीच्या आवक टेबलापाशी उभा राहिलो.

"कुणाच्या विरोधात हाय?" कारकुनाने विचारले.

"माझ्या."

"आसा अर्ज पैल्यांदाच बघायलोय. अन् पोच कशी देऊ? नव्या जिल्ह्याचा शिक्काच आला न्हाई आजून."

"जुना मारा. नाव खोडून तिथं सही करा. पोच घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"वकिलाचं पोरगं दिसतंय," शेजारच्या टेबलाला ऐकवत त्याने शिक्का उचलला.

ती पोच समोर ठेवताच प्रमुखांनी मुकाट्याने कपाटातून दोन बाटल्या काढून दिल्या. या खेपेला मी कोणालाही न कळवता पहिल्या गाडीने निघालो. विहिरीवर बायांची झुंबड होती. तीच बाई पोहरा ओढत होती.

"आता काय बंद करायला आलाव?"

"मावशी, त्या दिवशी बाटली विसळली म्हणून तपासणी चुकली. नमुन्याची बाटली आतून कोणीच विसळायची नसते."

"कुनीच न्हाई?"

"कोणीच नाही. मीसुद्धा नाही."

"मंग येवढं सांगाया काय झालतं? तोंडात गुळनी धरली व्हती का?"

मी कारण सांगितले. तिने पोहरा काठावर ठेवला.

"म्हंजी आमाला वाईट वाटंल म्हून गप बसलाव. अन् माझा नातू मुरुडच्या दवाखान्यात सलाइन लावून पडलाय, त्याचं वाईट कुनाला वाटायचं?"

तिनेच मग बायांना दटावले, "सरा गं मागं. सोडू द्या त्याला बाटली."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच जांभळ्या नळ्या पिवळ्या पडल्या आणि आतल्या उलट्या ठेवलेल्या छोट्या नळ्या वायू भरून वर आल्या. प्रमुखांनी 'पिण्यास अयोग्य' असे लिहिले. खाली शेरा घातला: पूर्वीचा अहवाल प्रशिक्षणार्थीच्या हलगर्जीपणामुळे रद्द.

"हलगर्जीपणा नाही सर. मला दिसत होतं, तरी मी बोललो नाही. तसं लिहा."

"तसं लिहिलं तर प्रात्यक्षिकात नापास व्हाल."

"लिहा."

त्यांनी लिहिले, आणि मी पुढच्या वर्षी पुन्हा प्रात्यक्षिकाला बसलो. टँकर तीन दिवसांनी सुरू झाला. मी तो पाहायला गेलो तेव्हा ती बाई रबरी नळीचे तोंड पिंपात धरून चालकाशी भांडत होती. नातू घरी आला का, असे मी विचारले.

"आला परवा. वाळून खारीक झालाय," ती म्हणाली आणि नळी पुढच्या पिंपात घातली.