डब्याचा घाम

दुबईत अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये एक खोली आमची, एक केरळच्या कुटुंबाची आणि स्वयंपाकघर दोघांचं. फ्रीजमधल्या आमच्या वाट्याच्या कप्प्यात आईचे पापड आणि रवा कोंबलेला असे. बाबा सातवी शिकलेले. एका नेमबाजी क्लबात हेल्पर म्हणून लागले आणि तिथे हातानं काडतुसं भरायला शिकले. त्यांच्या नोकरीवर आमचा व्हिसा होता. ती गेली असती तर आम्ही सगळे गावी, आणि माझ्या कॉलेजचं नावही कुणी काढलं नसतं.

बाबांची एक सवय क्लबात सगळ्यांना ठाऊक होती. बंद डबा उघडण्याआधी ते त्याला हाताची मागची बाजू लावत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. मग डबा बिस्किटांचा असो की काडतुसांच्या दारूचा. लोक त्यांना डब्बाभाई म्हणत. "नाव ठेवलंय म्हणजे लक्षात आहे," इतकंच बाबा म्हणायचे.

सवय लागली ती एका चुकीमुळे. ऑगस्टात तिथली हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. एका वर्षी त्या दिवसांत काडतुसं फुसकी निघायला लागली. घोडा दाबला की नुसतं टिक्. दमट हवेपासून वाचवायची म्हणून बाबांनी दारू शेडमधल्या फ्रीजमध्ये ठेवली. आईचे पापड फ्रीजमध्ये कुरकुरीत राहतात, मग दारू का नाही? तर काडतुसं आणखीच फुसकी. मॅनेजर म्हणाला, "अगले जुम्मे को भी ऐसा हुआ तो हाथ का काम खलास. बाहर का माल लेंगे."

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई पापड भाजत होती.

"गार डबा काढल्या काढल्या उघडता?"

"मग? भरायचं कधी?"

"अहो, पापडाचा डबा मी तसा उघडते का कधी? बाहेरची हवा लागली की घाम फुटतो, पापड मऊ पडतात. गारवा जाऊ द्यायचा, मग झाकण काढायचं."

"हे आधी नाही सांगितलंस."

"तुम्ही दारूचे पापड कराल हे मला काय ठाऊक."

दुसऱ्या दिवशी बाबांनी भिजकी दारू बाद केली, फ्रीज बंद केला आणि नव्यानं भरायला बसले. भरलेली काडतुसं रबर लावलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. आत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या, नव्या बुटांच्या खोक्यात असतात त्या. जवळच्या अल नहदातल्या बुटांच्या दुकानांत ते या पुड्या मागत फिरले. धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला, "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग."

"तू बूट बघ. मी पुड्या बघतो."

शुक्रवारी डबे मॅनेजरच्या एसी गाडीतून मैदानावर आले. एक जुना मेंबर घाईत होता. "यल्ला, भाई, खोलो."

बाबांनी हात लावून पाहिला. डबा गार. "नहीं साब. अभी खोलूँगा तो पसीना आएगा."

मेंबरनं मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं बाबांकडे. बाबांनी डब्यावर दोन्ही कोपरं टेकली आणि बसून राहिले. नोकरी जायचीच असेल तर डबा लवकर उघडून नको, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. डब्यावरचा घाम सुकून गारवा पुरता गेल्यावरच त्यांनी झाकण काढलं. त्या दिवशी सगळी काडतुसं उडाली. मॅनेजर जाताना एवढंच म्हणाला, "डब्बाभाई, कल से काम चालू."

मग क्लबात कुणी घाई केली की बाबा "आधी घाम जाऊ दे" म्हणायचे, आणि हे घरातही सुरू झालं. मी भांडून आले तरी तेच, परीक्षेला घाबरले तरी तेच. पुण्याच्या कॉलेजला निघाले तेव्हा विमानतळाच्या दारात मला रडू आवरेना. बाबांनी हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावली. "आधी घाम जाऊ दे. मग आत जा." मी गाल पुसेपर्यंत ते बॅग धरून उभे राहिले.

बाबा निवृत्त होईपर्यंत ओलीमुळे त्यांचं एकही काडतूस पुन्हा फुसकं निघालं नाही. आणि आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.