पडद्यावरचे यादोराव

पवनीच्या पार्वताबाई सिनेमात आल्या त्या बहिणीच्या मुलापायी. अश्वजित लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. लग्नसराई संपली की कॅमेरा पडून राही. त्या कॅमेऱ्यावर आपला स्वतःचा एक सिनेमा करायचा, हे त्याच्या डोक्यात कॉलेजपासून होतं. गोष्ट साधीच. वैनगंगेवर पूल झाला, माणसं पार नेणारा डोंगा बंद पडला, आणि जन्मभर डोंगा चालवणारा म्हातारा तरी रोज काठावर येऊन बसतो. त्याची नात शिकायला भंडाऱ्याला निघून जाते.

म्हातारा झाले पार्वताबाईंचे यजमान, यादोराव. उभा जन्म राइस मिलमध्ये पोती वाहिलेला माणूस. नात झाली गल्लीतली रुपा. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम आलं पार्वताबाईंच्या वाट्याला. त्या आढेवेढे घेत होत्या, तेव्हा यादोरावच म्हणाले, "नाई म्हणू नको वं. पोरगं एवढं म्हणून राहिलं. आपल्याले कोण इचारते असं?"

दोन हिवाळे शूटिंग चाललं. अश्वजित म्हणे, मोठे बाबा, ॲक्टिंग नका करू, घरी राहता तसे राहा. तेव्हापासून यादोराव घरीसुद्धा 'तसे' राहायचा सराव करू लागले. जेवतानाही पाठ ताठ, नजर दूर. पार्वताबाईंना हसू आवरत नसे.

शूटिंग संपलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात यादोराव गेले. छातीत दुखतं म्हणाले, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं.

मागे फोटो राहिला तो एकच, आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला. त्यात ते घाबरल्यासारखे दिसत. अश्वजितनं एकदा लॅपटॉप आणला. म्हणाला, "मोठी माय, पाह्यतं काय मोठ्या बाबाले?" त्यांनी तोंड फिरवलं. "एवढुशा डब्ब्यात नाई पाहात मी त्यांले. मोठ्या पडद्यावर लागन तवा पाहीन."

मग नागपूरच्या एका फिल्म फेस्टिवलचा फोन आला. सिनेमा निवडला नव्हता, पण अश्वजितला पॅनलवर बोलावलं होतं.

"पॅनल? इलेक्शनचं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"नाई वं. चारजणं बसून सिनेमावर बोलतेत. पण आपला पाच मिनिटांचा तुकडा दाखवणार हायेत. मोठे बाबा काठावर बसले हायेत, तो."

एवढं पुरे होतं. पार्वताबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि पहाटेची एसटी धरली.

थंडगार हॉलमध्ये त्या पहिल्या रांगेत बसल्या. वर खुर्च्यांवर चौघं, मागे भला मोठा पांढरा पडदा. बोलणं सुरू झालं. स्वतंत्र सिनेमाचं काय होणार, थेटरं का मिळत नाहीत, गावातल्या मुलांनी काय करावं. एक गृहस्थ फार वेळ बोलले. अश्वजितच्या वाट्याला माइक आला तेव्हा तो चांगलं बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्वताबाईंनीही वाजवल्या, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या.

मग सूत्रसंचालक म्हणाले, वेळ संपला, क्लिप आता दाखवता येणार नाही, क्षमस्व. दिवे लागले. माणसं उठली. पार्वताबाई बसूनच राहिल्या.

"कधी लावतेत?" त्यांनी विचारलं.

अश्वजितनं त्यांची पिशवी उचलली. तेव्हा त्यांना समजलं.

खरं तर त्याच दिवशी अश्वजितचं नशीब उघडलं. पॅनलवर खुशबू नावाची एक एडिटर होती. ती त्याला बाहेर पायऱ्यांवर घेऊन बसली, पार्वताबाईंना स्वतः चहा आणून दिला, आणि म्हणाली, पूर्ण सिनेमा मला पाठव. तिनं तो खरंच पाहिला. त्यावर कितीतरी दिवस दोघांचं फोनवर बोलणं चाललं. इतक्या वर्षांत अश्वजितशी सिनेमाबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. पॅनलचा फायदा काय, असं मित्र विचारत तेव्हा तो म्हणे, मले खुशबू मॅडम भेटली, अजून काय पायजे?

वर्षभरात सिनेमा नव्यानं कापून, जोडून झाला. केरळात एका फेस्टिवलला लागला, तिथं बक्षीस मिळालं. आणि एके दिवशी भंडाऱ्याच्या हॉलमध्ये तो दाखवायचं ठरलं. पवनीहून गाडी भरून माणसं गेली. पार्वताबाईंच्या शेजारी शेजारीण बेबीबाई बसली होती.

अंधार झाला. नदी आली, पूल आला, रुपा आली. रुपा सायकल चालवते, रुपा भांडते, रुपा एसटीत बसून रडते. सिनेमा छान होता. हॉल गप्प होऊन बघत होता. मध्येच एकदा काठावर एक पाठमोरा माणूस दिसला, खांद्यावर दुपट्टा. पार्वताबाई पुढे सरकल्या. आता वळतील. चित्र बदललं. मग ते आलेच नाहीत, आणि म्हातारीही कुठं आली नाही.

बेबीबाईनं कानात विचारलं, "यादोराव कुठं हायेत वं?"

"येतेत," पार्वताबाई म्हणाल्या.

शेवटी नावांच्या पाट्या वर सरकू लागल्या. त्यात यादोरावांचं नाव होतं.

बाहेर लोक अश्वजितला मिठ्या मारत होते. गर्दी ओसरल्यावर तो मोठ्या मायजवळ आला. त्यांच्या डोळ्यांकडे त्याला बघवेना.

"दोन गोष्टी होत होत्या सिनेमात," तो म्हणाला. "खुशबू मॅडम म्हणे, एक ठेव. तिचं बरोबर होतं. पोरीची ठेवली, तवाच सिनेमा उभा राहिला."

"मले सांगाचं होतं."

"हिंमत नाई झाली."

पार्वताबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चांगला झाला तुया सिनेमा," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत. गाडीत मात्र पवनी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसल्या.

पुढच्या रविवारी अश्वजित लॅपटॉप घेऊन आला. कापलेलं सगळं त्यानं जपून ठेवलं होतं. यावेळी त्या नाही म्हणाल्या नाहीत. दार लोटून दोघं बसले. पडद्यावर यादोराव होते, पाठ ताठ, नजर दूर. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "असंच बसू, का थोडा इकडं?" पार्वताबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"बंद कर," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "आता रोज नाई पाहात मी हे. सवय लागन."

अश्वजित आता दुसरा सिनेमा करतोय. पॅनलवरही जातो, नव्या पोरांना जा म्हणून सांगतो. मोठ्या मायला त्यानं पुन्हा विचारलं होतं, छोटंसं काम आहे, करशील का. पार्वताबाई अंगणात वड्या वाळत घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या,

"मले नको घेऊ बापा. मंग कापाले तुलेच जड जाते."

अश्वजितनं डाळीचं पातेलं त्यांच्याजवळ सरकवलं. त्या वड्या घालत राहिल्या.