बारा व्होल्टची तार

समोरच्या खोलीतलं टेबल आता रिकामं असतं. परवा कामवाली बाई त्याच्यावर भाजीची पिशवी ठेवायला गेली तर मी म्हटलं, खाली ठेव. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. पाच महिने त्या टेबलावर आमच्या मुलीचं ऑफिस होतं. ऑफिस पुण्याचं, पण घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून ती इकडे इंदूरला, सुदामा नगरात येऊन राहिली.

मी पाचवीपर्यंत शिकलो. सहावीत मास्तरांशी माझं वाजलं, मी शाळेत गेलो नाही आणि वडिलांनी मनवलं नाही. ते मिलमध्ये होते, त्यांना एवढी फुरसत नव्हती. मग मी गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलो आणि बेचाळीस वर्षं तेच केलं. धार रोडला माझं दुकान होतं. हातोद गावचे ट्रॅक्टरवाले रस्त्यातली चार दुकानं सोडून माझ्याकडे यायचे. बढाई नाही मारत, यायचेच.

मुलगी आली त्याच आठवड्यात कुरिअरने एक डबा आला. आतून एक हिरवी प्लेट निघाली, शाळेच्या वहीएवढी, तिच्यावर काळ्या काळ्या चिपा. सोबत एक स्क्रीन. नव्या गाड्यांत स्टेअरिंगच्या बाजूला असते ना, नकाशा आणि गाणी दाखवणारी, ती.

"आणि गाडी कुठाय?" मी विचारलं.

"गाडी पुण्याला आहे, बाबा. आधी इथे बोर्डवर चालवून बघायचं, मग तिकडे गाडीत बसवायचं."

"म्हणजे इंजिन गाडीत टाकायच्या आधी खाली ठेवून चालवतात, तसं."

"हां, बस, तसंच."

मग तिने मला सगळं समजावलं. लिनक्स म्हणून एक प्रोग्रॅम असतो. तो तयार मिळत नाही, हजारो तुकडे जोडून आपल्या गाडीपुरता बनवावा लागतो. ते जोडण्याचं काम कॉम्प्युटर करतो, त्याला तीन-चार तास लागतात. तिचा शब्द, 'बिल्ड'. "बिल्ड लावलंय" म्हणायची, जशी तिची आई "डाळ लावलीय" म्हणायची. बिल्ड झालं की ते नखाएवढ्या कार्डात भरायचं, कार्ड बोर्डात घालायचं आणि करंट द्यायचा. मग कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात आणि सगळं नीट झालं तर शेवटी त्या गाडीच्या स्क्रीनवर चित्र येतं. ह्याला बूट होणं म्हणतात.

"आणि बूट झालं की?"

"की मग मी बोर्ड घेऊन पुण्याला. गाडीवरचं काम वर्षभर तरी चालेल."

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आधी ती आतल्या खोलीत बसायची, प्लग तिथे जवळ म्हणून. दार लावून. मी समोरच्या खोलीत एकटा. तिची आई जाऊन चार वर्षं झाली. घरात माणूस आलं आहे आणि दार लावलेलं आहे, हे मला आवडेना. मी म्हटलं, इथे समोर बस, उजेड चांगला आहे. ती म्हणाली, बोर्डची वायर पोचत नाही, एक्स्टेंशन मागवते. मी म्हटलं, काही मागवू नको. मी घरात बसलेला असताना बाजारातून वायर आणायची?

घरच्या विजेला मी हात लावत नाही, ते माझं काम नाही. पण तिच्या अडॅप्टरमधून बाहेर येतात ते बारा व्होल्ट, गाडीच्या बॅटरीचेच. बारा व्होल्टमध्ये माझा जन्म गेला. ती बँकेत गेली होती तेवढ्यात मी दुकानाच्या जुन्या पेटीतून पिवळी वायर काढली, अडॅप्टरची वायर मधे तोडून दोन टोकांत तिचा जोड दिला आणि भिंतीच्या कडेकडेने क्लिपा ठोकत वीस फूट आणली समोरच्या टेबलापर्यंत. ती आली तेव्हा टेबल पुसून, खुर्ची लावून तयार.

"वा बाबा, एकदम कंपनी फिटिंग," ती म्हणाली.

बऱ्याच वर्षांनी कोणी माझ्या कामाला असं म्हटलं होतं.

मग ते दिवस फार चांगले गेले. ती काम करायची, मी पेपर धरून बसायचो. वाचायचो कमी. शेजारी शाळेतून रिटायर झालेले एक क्लार्क राहतात, ते रोज चारच्या चहाला यायचे. "क्यों भिया, सुना बेटी गाडी बनवतेय घरात. पहिये दिसत नाहीत कुठे?"

"पहिये तुमच्या पायांना लागलेत. रिटायर झाल्यापासून घरात टिकता का तुम्ही?"

मुलगी कॉम्प्युटरमधून मान वर न करता हसायची. ते हसणं समोरच्या खोलीतलं होतं. आतल्या खोलीत असती तर मला ऐकू आलं नसतं.

साडेचार महिने काम सुरळीत चाललं, कारण तोपर्यंत बोर्डला ती स्क्रीन जोडलेली नव्हती. स्क्रीन जोडली आणि बिघडलं. ओळी धावायच्या, धावायच्या आणि एका जागी सगळं विझून परत पहिल्या ओळीपासून सुरू. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण बघून बघून ओळींची लांबी पाठ झाली होती. एक लांब ओळ, दोन छोट्या, मग परत लांब, आणि तिथे खेळ खलास. ती नवं बिल्ड लावायची. चार तासांनी परत तेच. आठवडाभर हेच चाललं.

एका सोमवारी ती किराणा आणायला गेली. बोर्ड चालू होता, पडत होता, उठत होता. मी सवयीने वायरीवरून हात फिरवला. वायरिंगचा बिघाड आम्ही असाच शोधायचो, आधी हात, मग मीटर. जिथे जोड कच्चा तिथे वायर गरम लागते. टेबलाच्या खाली, मी दिलेल्या जोडाशी, वायर गरम होती.

मीटर काढला. अडॅप्टरशी बारा. टेबलाशीही बारा, जोपर्यंत नुसत्या ओळी धावत होत्या. स्क्रीनला उजेड आला की तिकडचा काटा नऊवर. एवढ्यावर बोर्ड काय उभा राहणार. तो पडणार आणि पहिल्यापासून सुरू होणार.

वायर जितकी लांब तितकी जाड पाहिजे, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं. आणि स्वतःच्या घरात पार्किंग लाइटची बारीक वायर वीस फूट ओढली. जोडही नुसता पिळून टेप मारलेला. कथिलाने झाळला नव्हता, कारण ती परत यायच्या आत मला उरकायचं होतं. दुसऱ्या कोणी असं काम केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता.

मीटर परत पेटीत ठेवला. ती आली, पिशव्या ठेवल्या, म्हणाली, "काही नवीन झालं का, बाबा?"

"काय होणार," मी म्हटलं.

मंगळवारी बोललो नाही. बुधवारी बोललो नाही. बोललो तर ती जाणार, आणि बोललो तर माझ्या हाताचं काम खोटं ठरणार. ह्यातलं मोठं कारण कोणतं हे मला अजून सांगता येत नाही. ती बिल्डवर बिल्ड लावत होती, मी चहा करून देत होतो. तिच्यासाठी ते दिवस वाईट होते आणि मला ते संपायला नको होते. असं लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

गुरुवारी तिच्या साहेबाचा फोन आला. तिचे हात कीबोर्डवर होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"देखो, नहीं हो रहा तो बता दो," साहेब म्हणाला. "बोर्ड वापस भेजो, मैं किसी और को दे देता हूँ."

"सर, दो दिन दीजिए," ती म्हणाली. "मेरी ही कोई गलती होगी."

फोन ठेवून तिने कीबोर्ड मागे सारला. मग म्हणाली, "बाबा, मला बहुतेक हे जमतच नाही."

बेचाळीस वर्षांत माझ्या कामाचं खापर मी कोणावर फुटू दिलं नव्हतं, आणि इथे ते तिच्या डोक्यावर फुटत होतं, माझ्यासमोर, माझ्याच घरात.

"ऊठ," मी म्हटलं. "ती पिवळी वायर काढ. बोर्ड आत घेऊन चल, सरळ अडॅप्टरला लाव."

"का?"

"लाव तर."

अडॅप्टरची तोडलेली टोकं मी परत जोडून झाळून दिली आणि आतल्या खोलीत जमिनीवर बसून तिने बोर्ड जोडला. ओळी धावल्या. लांब ओळ, दोन छोट्या, परत लांब, आणि ह्या वेळी पुढे गेल्या. मग स्क्रीनवर गोल घड्याळासारखा स्पीडचा काटा आला, शून्यावर. ती बराच वेळ त्या शून्याकडे बघत होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' म्हणता आलं असतं. पण जो जोड मी हात फिरवताच पकडला, तो पकडायला मला चार दिवस लागले, असं खोटं मला माझ्या तोंडून म्हणवेना.

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे, बाबा."

"मला वार कळतात."

 तिने साहेबाला फोन लावला. "सर, हो गया. पावर का प्रॉब्लेम था, मैंने चेक नहीं किया."

मी म्हटलं, "असं नाही. तार कोणी ओढली ते सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. फोनमध्ये म्हणाली, "सर, वायर मेरे पिताजी ने डाली थी. फॉल्ट भी उन्होंने ही पकड़ा." तिकडून त्याने काहीतरी विचारलं. "नहीं सर, इंजीनियर नहीं. गाड़ियों के इलेक्ट्रीशियन हैं."

रविवारी ती गेली. जाताना सोमवारचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. बसमध्ये चढताना म्हणाली, "चला ना तुम्हीही पुण्याला." मी म्हटलं, नाही, तिकडे मला कोण ओळखतं. आमच्यात पाहुण्याला पोळी वाढताना तो नाही म्हणतो, तरी वाढतात. तिने माझं 'नाही' ऐकलं आणि तेच धरून चालली.

त्याला आता दोन महिने झाले. रोज फोन येतो, जेवलात का, गोळी घेतली का. मी विचारतो, गाडीत बसलं का सगळं. ती म्हणते, बसतंय हळूहळू. काल मी म्हटलं, "तुमच्या तिकडच्या वायरी कोणी बघतं की नाही?"

"इथे त्याला माणसं आहेत, बाबा."

"असतील."

 मग ती म्हणाली, "यायचं होतं तर तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

"तू एकदाच विचारलंस."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, उद्या दुपारी करते, नीट बोलू. आता चार वाजायला आलेत. शेजारचे चहाला आले होते, त्यांना म्हटलं, आज नाही, फोन येणार आहे.